पाटांचा माळा

मुंबई कुणाची, यावर छप्पन साली सगळ्या मैदानांवर भाषणं होत होती. मीही ती ऐकली, घोषणा दिल्या, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. त्याचा पश्चात्ताप नाही. पण त्याच साली लालबागेत आमच्या खाणावळवाल्या अंबिकाकाकीच्या पोरीला पाठ टेकायला फळी मिळत नव्हती, आणि ती अडवणारा माणूस छातीला चळवळीचा बिल्ला लावून फिरत होता. हे कुणीतरी लिहायला हवं. शिकलेले लिहिणार नाहीत. मी गिरणीत माग चालवणारा सांचेवाला आहे, अक्षर वाकडं आहे, पण लिहितो.

काकी मालवणकडची. नवरा गिरणीत फुप्फुसं कापसानं भरून मेला. गिरणीनं हातावर जे टेकवलं ते तिनं कमरेला बांधलं आणि त्याच खोलीत खाणावळ चालू ठेवली. खोली एकच. आम्ही गाववाले पाळीपाळीनं येऊन पंगतीला बसायचो. एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे बसणार. जेवून अर्धे तिथेच आडवे. पोरगी सुनंदा चुलीमागे पोत्यांच्या आडोशाला झोपायची. लहान होती तोवर ठीक होतं. आता ती सातवी पास झाली होती आणि ओढणीशिवाय नळावर जायची नाही.

गावाहून दिराचं पत्र आलं. "पुरुषांच्या गर्दीत वयात आलेली पोरगी ठेवणं शोभत नाही. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीआधी येतो आणि तिला घेऊन जातो. जागा बघून ठेवली आहे." जागा म्हणजे एक बिजवर, दोन पोरांचा बाप. दीर कोंडीराम घराण्यातला कर्ता. त्याला उत्तर देण्यात अडचण एकच होती, की आडोसा नाही हे खरं होतं.

काकीनं ठरवलं, पोटमाळा घालायचा. वर पोरगी, खाली पंगत. जूनमध्ये ती हायस्कुलात जाईल आणि दीर रिकाम्या हातानं बोटीत चढेल.

गिरगावातला कमलाकांत कंत्राटदार आला. पांढरी टोपी, गोड तोंड. आणि इथं काकी चुकली. आमच्या गावात सुताराला दर विचारत नाहीत. पानविडा पुढे ठेवायचा, त्यानं उचलला की तो कामाला बांधला. आढं चढेपर्यंत दुसऱ्याचं काम घेणार नाही. घर झालं की धोतरजोडी, भात, जे असेल ते. दर विचारणं म्हणजे त्याच्या हाताचा अपमान. विधवेनं नारळ फोडायचा नाही म्हणून नारळ आमच्या पंगतीतल्या भिवानं फोडला, पण विडा काकीनं स्वतः दिला. कमलाकांतानं तो उचलला, तोंडात टाकला, आणि गॅलरीतून खाली पिंक मारली. कमरेचे पैसे आगाऊ घेतले ते वेगळेच.

आठवड्यात भिंती फोडून वासे बसवले. आमटीत भुसा पडायचा, आम्ही गाळून जेवायचो. सुनंदा रोज वर बघून हसायची. मग एके दिवशी त्याची माणसं गॅलरीत रचलेल्या फळ्या उचलून घेऊन गेली.

"अंबिकाबाई, भिंत फोडली तर आत वाळवी," कमलाकांत दारात उभा राहून म्हणाला. "तुमच्या भिंतीतली वाळवी, माझ्या नाही. त्यात हरताळ. वखारी बंद. सागवान कुठून आणू? चाळमालकाच्या मेहताजीचं तोंड गोड करायचं आहेच. वर थोडे लागतील."

"थोडे म्हणजे?"

त्यानं सांगितलं. आधी दिले होते तेवढेच पुन्हा.

"मेल्या, माका इकलंस तरी तेवढे येवचे नाय!"

"चळवळीचे दिवस आहेत बाई. सगळ्यांनीच थोडं सोसायला हवं."

मी जेवत होतो. हातातला घास ताटात टाकला. "तू काय सोसतोयस रे, ते तरी सांग!"

"मध्ये बोलू नका," तो म्हणाला. "फळ्या माझ्या वखारीत आहेत. पैसे द्या, उद्या ठोकतो." आणि जिना उतरला.

भिवा म्हणाला, "काकी, वर्गणी काढतो. सगळे गाववाले देतील."

"नको," काकी म्हणाली. "आज वर्गणी घातलास, उद्या माळ्यार तुमचो हक्क. माझ्या चेडवाचो माळो वर्गणीचो नको."

ती पीठ मळायला लागली. वासे डोक्यावर तसेच, मेलेल्या जनावराच्या बरगड्यांसारखे. बोट जवळ येत होती.

दोन दिवसांनी सत्याग्रहाची तुकडी निघायची होती. आमच्याकडे घराघरातून भाकरी-चटणी जायची. गोळा करणारा कोण? हाच कमलाकांत! समितीत होता, पुढे पुढे करायचा. निर्लज्जपणे खाणावळीच्या दारात आला. "अंबिकाबाई, तुमच्याकडून मोठी टोपली पाहिजे. महाराष्ट्राचं काम आहे."

मला वाटलं, काकी उलथणं फेकून मारणार. ती म्हणाली, "देतंय. मीच घेऊन येतंय."

पहाटेपासून भाकऱ्या थापल्या. टम्म फुगलेल्या, सुक्या बोंबलाची चटणी. टोपली भिवानं डोक्यावर घेतली. मैदानावर तुकडी हार घालून उभी, बायाबापड्यांची गर्दी, टेबलाशी कमलाकांत. काकीनं प्रत्येकाच्या हातात भाकरी दिली. मग पदराखालून एक वेगळी काढली आणि कमलाकांताच्या पुढे धरली.

त्यानं हसत घेतली. उलटली. एक बाजू खरपूस, दुसरी पांढरी, ओली, पीठ बोटाला चिकटणारी.

"बाई, ही कच्ची आहे."

"अर्धी झाली हा," काकी मोठ्यानं म्हणाली. "दुसरी बाजू भाजूची तर लाकडां म्हाग झाली हत. हरताळ हा ना! पिठात वाळवी पण निघाली. वरचे पैसे टाका, मग भाजतंय."

आधी एक म्हातारी हसली. मग मैदानभर हसू पसरलं. कुणीतरी विचारलं काय झालं, आणि काकीनं सांगितलं. सगळं. विडा, वासे, फळ्या. "इडो उचललात तेव्हा मी दर इचारूक नाय, तुमी सांगूक नाय. माझी चूक मी भोगतंय. पण महाराष्ट्राचा नाव घेऊन रांडमुंडीची फळी पळवलात, ती चूक कोणाची?"

"हा खाजगी व्यवहार आहे!" कमलाकांत ओरडला. कान लाल झाले होते. "आता तर एक फळी देणार नाही. बघू कोण माळा घालतो! या लालबागेत एकही सुतार तुमच्या दारात येणार नाही!"

हार घातलेल्यांपैकी एकानं त्याच्या छातीवरचा बिल्ला काढून घेतला. मला बरं वाटलं. पण बिल्ल्यावर पोरगी झोपत नाही. शब्दाला कमलाकांत जागला. सुतार आले नाहीत. दोघांना विचारलं, दोघांनी माना फिरवल्या. बोट उद्या-परवावर आली आणि कोंडीराम मुंबईत उतरल्याचा निरोपही आला.

दुपारपाळीची पंगत बसायची होती. मी आत शिरलो आणि नेहमीच्या जागी पाट नव्हता. माझा पाट! आमच्या खाणावळीत ज्याचा त्याचा पाट ठरलेला. दुसऱ्याच्या पाटावर बसला म्हणून तिथं डोकी फुटलेली आहेत. सगळे पाट भिंतीशी रचले होते आणि काकी एकाच्या खालच्या पट्ट्या हातोडीनं उचकटत होती.

"काकी, हे काय?"

"आजपासून जमनीर बसा. पाट माझे. गेलेल्या घोवानं केलेले. कोणाक इचारूचा काम नाय."

भिवा गिरणीच्या सुतारखात्यातला. इतके दिवस कंत्राटदाराच्या कामात हात घालायचा नाही म्हणून बाजूला होता, आणि नंतर फळ्याच नव्हत्या. त्यानं एक पाट उचलला, दोन वाशांवर आडवा धरला. बरोबर बसला. त्यानं शर्ट काढला.

त्या दिवशी पंगत उशिरा बसली आणि कुणी कुरकुरलं नाही. भिवा पाटाला पाट ठोकत गेला. कुठे फुलं कोरलेली, कुठे बूड झिजून खळगा पडलेला. माझा पाट खिडकीजवळ लागला. उचकटलेल्या पट्ट्यांच्या पायऱ्या करून शिडी झाली. वाळवीच्या जागी भिवानं लोखंडी पट्टी मारली आणि तुळईला लटकून बघितलं. हललं नाही.

कोंडीराम आला तेव्हा आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. छत्री कोपऱ्यात टेकवून त्यानं खोलीभर नजर फिरवली.

"वयनी, चेडू खय? सामान बांधलंस?"

"वर हा," काकी म्हणाली. ताट वाढायची थांबली नाही.

त्यानं मान वर केली. माळ्याच्या कडेला सुनंदा बसली होती, मांडीवर पुस्तक.

"उतर गो खाली. बोट सुटतली."

"सुटू दे काका," सुनंदा म्हणाली. "आडोसा नाही म्हणून नेणार होतात ना? हा आडोसा."

"माका शिकवतस?" तो शिडीकडे गेला. पहिल्या पायरीवर हात ठेवणार, तोच शिडी हलली. सुनंदानं दोन्ही हातांनी ती वर ओढून घेतली. माळ्यावर भिंतीशी आडवी लावली आणि तिला पाठ टेकून पुस्तक उघडलं.

कोंडीराम हात वर करून तसाच उभा राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. कुणी उठलं नाही, कुणी घास सोडला नाही.

"वयनी, घराण्याची अब्रू—"

"भावजीनू," काकीनं एक ताट त्याच्या पायाशी ठेवलं. "दमून इलात, जेवन जावा. पाट नाय हा. जमनीर बसा."