बिनचुंबळीची

चुंबळ नवी होती. लाल चौकड्यांच्या फडक्याची, पिळून पिळून गोल केलेली, डोक्यावर ठेवली तर वरची पाटी गादीवर बसल्यासारखी बसावी अशी. हिराला आधी ती चुंबळच दिसली, मग ती धरलेला हात, मग त्या हाताची वाकडी करंगळी... आणि करंगळी दिसल्यावर वर तोंडाकडे बघायची गरजच राहिली नाही. पोटात कुठंतरी सात वर्षांची पोर भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हिरे," येसूबाई म्हणाली, "हात लाव गो जरा पाटीला."

आता मासळीबाजाराची रीत अशी, की भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं कड धरायची, वर न्यायची, खाली डोकं आलं की सोडायची. दोघी भांडत असल्या, एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत असल्या, तरी एकीनं पाटीला हात घातला की दुसरी तोंड बंद करून कड धरते. पाटी बसली, की मग पुढची शिवी. नाही म्हणत नाही कोणी. बोईसरच्या या रस्त्याकडेच्या बाजारात हिरानंही आजवर कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

येसूबाई तिची काकी. आई गेली तेव्हा हिरा पाच वर्षांची, बाप होडीवर. काकीनं मुरबे गावात वाढवली. वाढवली असं लोक म्हणतात... वाळत घातलेला बोंबील खाली पडला, पाणी सांडलं, उलटून बोलली, बोललीच नाही—काहीही असो, ओल्या मासळीची पाटी डोक्यावर देऊन उन्हात उभी करायची. आणि चुंबळ नाही. "चुंबळ कशाला गो, राणी हायस काय?" त्या पाटीची बांबूची एक कामटी तुटलेली होती, ती बरोबर टाळूत रुतायची, आणि वरून खारं पाणी गळायचं, त्याच जागी, थेंब थेंब, आणि पोरीनं हलायचं नाही. बा घरी असला तर ओट्यावर बसून बघायचा. बघायचा आणि विडी पेटवायचा. त्या काडीचा वास हिराला अजून येतो.

टाळूवर रुपयाएवढी जागा. तिथं परत केस आला नाही. म्हणून तर ही डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसते, आणि शेजारी बसणारी पारू रोज चिडवते, "नवरा नाय, सासरा नाय, पदर कोनासाटी गो?"

सोळाव्या वर्षी ती पळाली. तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं होतं, तिथं गिट्टीची घमेली वाहिली. पहिल्याच दिवशी मासवणकडची नवसी नावाची बाई तिच्याकडे बघत राहिली, म्हणाली, "डोकं काय दगडाचं हाय तुजं?" आणि हसत हसत आपल्या लुगड्याची पट्टी टरकन फाडून चुंबळ वळून दिली. हिरानं दोन दिवस ती डोक्यावर ठेवलीच नाही. कमरेला खोचून फिरली—कोणी परत मागेल म्हणून.

"ऐकू येत नाय काय गो?" येसूबाई. जीभ तीच, तशीच. उजवा हात मात्र लटपटत होता. "सुनांनी पालघरच्या बाजारातून उठवली मला. म्हनून यष्टीनं इकडं आले. पाटी कंडाक्टरनं उतरवली. आता वसाहतीत घरोघर जायचं हाय."

"ऊठ की हिरे," पारू म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक. "म्हातारी कवाची उभी हाय."

नाही म्हण. एक शब्द. तोंडात तयार आहे, किती वर्षं तयार आहे... सगळी रांग बघत होती. हिरा उठली. का उठली ते तिला सांगता आलं नसतं. एका बाजूनं पारूनं धरली, एका बाजूनं तिनं, पाटी छातीपर्यंत आली, डोक्याच्या वर गेली, येसूबाई खाली मान घालून शिरली... आणि तिच्या लटपटत्या हातातली चुंबळ निसटून मातीत पडली.

"असू दे," येसूबाई म्हणाली. "ठेव तशीच."

खाली तिचा माथा. तेल लावलेला, मधोमध सरळ भांग, केस पांढरे पण दाट—चाळीस वर्षं पाट्या वाहून एक जागा रिकामी नाही. चांगल्या चुंबळी केल्या तू काकी, स्वतःसाठी. ठेव म्हणतेय ती. ठेव. जोरात ठेव. बोटांना पाटीची कड लागत होती, कामट्या लागत होत्या...

"पडली गो चुंबळ," पारू वाकायला लागली.

"तू पाटी धर, पारू," हिरा म्हणाली. आवाज आपला आहे हे तिला जरा उशिरा कळलं. "काकी, चुंबळ उचल."

"वाकवत नाय गो."

"वाक."

"हात भरून येतील तुमचे."

"नाय येत. उचल."

येसूबाई वाकली. कण्हत वाकली, हिराच्या गुडघ्याला धरून वाकली—तोच हात, तीच करंगळी—आणि गुडघा हलला नाही. हात वर होते म्हणून हिराचा पदर घसरला होता, कधी घसरला कोण जाणे. सावरायला हात मोकळा नव्हता. टाळूवर वारा लागला. पारूनं बघितलं आणि पाटीची कड आणखी घट्ट धरली.

चुंबळ झटकत येसूबाई वर आली. तिची नजर तिथंच गेली. बराच वेळ तिथंच राहिली.

"केस नाय आले गो अजून?" दुकानात मीठ आलं का विचारावं, तसं विचारलं.

"नाय आले," हिरा म्हणाली.

पदर पाठीवर लोंबत होता. लोंबू दे. बघू दे रांगेला. येसूबाईचा हात माथ्यावर चुंबळ ठेवत होता, ती घसरत होती, पुन्हा ठेवत होता... वर पाटीचं सगळं वजन, खांद्यातून कण्यात, कण्यातून टाचेत उतरलेलं. राग होताच, जिथल्या तिथं, जराही कमी न झालेला. पण आपल्याला घाई नाही, असं हिराला वाटलं. धरून उभं राहता येतंय. अजून कितीतरी वेळ.