गुरुवारचं चाकण

आमच्या चाकणला येऊन काय बघावं, असं कुणी विचारलं की मी आधी त्याला कोणत्या वारी येणार ते विचारते. बाकीचं सगळं त्यावर ठरतं. ही अक्कल मला माझ्या थोरल्या बहिणीनं, सुमनताईनं शिकवली, आणि चांगली कान धरून शिकवली.

ताई कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. दाजी गेले, मुलगा बंगलोरला. मी सारखी तिच्या मागं लागायचे, की माझ्याकडे ये, वरच्या दोन खोल्या तुझ्यासाठीच ठेवल्यात. खोल्या खरंच ठेवल्या होत्या. कंपनीतली पोरं भाड्यानं मागायला यायची, मी त्यांना दारातूनच वाटेला लावायचे, आणि आमचे यजमान, दादासाहेब, चरफडायचे. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीपतूर तुझी बहीण आली तर ठीक, न्हाईतर मी भाडेकरू ठेवणार." मला भाडेकरू नको होता. आम्ही दोघी बहिणी एका अंथरुणात झोपून वाढलो, आणि म्हातारपणी मला ती भिंतीपलीकडे हवी होती. ऐकणाऱ्याला यात हट्ट दिसला तर दिसू दे.

"तुझ्या चाकणात आहे काय, जाई?" ताई फोनवर म्हणायची. "कंटेनर आणि धूळ. टीव्हीवर बघते ना मी, माणसं तासन् तास अडकलेली असतात."

"टीव्हीवाल्यांचं काय घेऊन बसलीस. एकदा ये तर खरी, सगळं फिरवून दाखवते. गुरुवारी ये."

गुरुवारच का, ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळेल. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी ना कामगारांच्या बसगाड्या, ना कंटेनरची रांग. नाशिक रस्ता असा पडलेला असतो की कुत्री मधोमध अंग टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जैसे थे. पण दुसऱ्या दिवसाशी मला काय करायचं होतं? एकदा ताईला गाव आवडलं, सामान वर चढलं, की मग बसू दे बोंबलत.

आमच्या गल्लीतला परभणीचा भैरू रिक्षा चालवतो. त्याला सामील करून घेतलं. "ताईसमोर सुट्टीचं नाव काढायचं न्हाई," मी बजावलं. "मी कामून काढू, मावशी?" तो म्हणाला. भैरूच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ठाऊक असूनही मी त्याच्यावर भिस्त ठेवली, कारण दुसरा रिक्षावाला त्याच्याहून बोलका आहे.

गुरुवारी ताईला भोसरीला उतरवून घेतलं. वाटेवरची मोशी कधी गेली कळलं नाही. चाकणच्या चौकात सिग्नलला आमची एकच रिक्षा उभी होती. ताईनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"रोज असंच असतं?"

"रोज," मी म्हणाले.

"आज कसंय मावशी, गुरु..." भैरूनं तोंड उघडलंच. मी मागून छत्रीचं टोक त्याच्या पाठीत रुतवलं. "गुरुमाउलीची कृपा हाय," असं म्हणून त्यानं गाडी रेटली.

मग मी ताईला गाव दाखवलं. चक्रेश्वराला नेलं. भुईकोट किल्ल्याचे जेवढे बुरूज उरलेत ते दाखवले, आणि जे पडलेत त्यांचंही भरघोस वर्णन केलं. राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरूंच्या जन्मघरी ताई बराच वेळ हात जोडून उभी होती. भीमेच्या काठी बसून आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. भैरूला दोन भाकऱ्या जास्तच वाढल्या, म्हणजे तोंड भरलेलं राहील. ताईही फारसं बोलत नव्हती. मला वाटलं, जादू चाललीय.

घोटाळा झाला तो आमच्या गल्लीत. दर दारापुढे एकेक बाप्या चड्डी-बनियनवर बसून मोटरसायकल धूत होता. सलूनबाहेर बाकडं भरून माणसं नंबर लावून बसलेली. एक जण गच्चीवर बायकोच्या देखरेखीखाली चादरी वाळत घालत होता. आणि शाळा सुटलेली पोरं दप्तरं घेऊन घरी येत होती.

"जाई," ताई म्हणाली, "या बाप्यांना कामधंदे नाहीत का?"

"रातपाळीचे हायेत."

"सगळेच?"

"व्हय, सगळेच."

ताईनं घरी येऊन वरच्या खोल्या बघितल्या, खिडकी उघडून पुन्हा लावली, चहा घेतला. निघताना म्हणाली, "बघू." आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे 'नाही' असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दादासाहेबांनी भाडेकरूचा विषय काढला नाही, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजा.

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. "मी परत येतेय, माझी मी बसनं. भैरूला पाठवू नकोस."

"कधी?"

"आज. शुक्रवार आहे ना आज?"

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दुपार कलली होती, म्हणजे ती बरोबर कंपन्या सुटायच्या वेळेला रस्त्यावर येणार. थोड्या वेळानं फोन केला तर म्हणाली, मोशीला आहे. पुन्हा केला, तरी मोशीलाच. तिसऱ्यांदा केला तर आवाज इतका, की तिचं बोलणंच ऐकू येईना, आणि मग तिनं फोन बंद केला. मी दादासाहेबांना म्हणाले, "आता ती माझं तोंड बघायची न्हाई." ते म्हणाले, "बघंल की. आधी पोचू दे."

दिवेलागण होऊन गेली तेव्हा ताई आली. केस विस्कटलेले, साडीला धुळीचा काठ. बरोबर एक ठेंगणी बाई, ताईची पिशवी हातात धरून.

"ही सोजराबाई," ताई म्हणाली. "तुमच्या मागच्या गल्लीत राहते. माहीत तरी आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. सोजराबाई चहा पिऊन गेली, तोवर तिच्या सुनेचं बाळंतपण, जावयाचा स्वभाव आणि गुडघ्यावरचं तेल, सगळं ताईला तोंडपाठ झालेलं. बसमध्ये कुणी पेरू कापून वाटले होते, कुणी फोनवर नातवाचा नाच दाखवला होता. चालकानं इंजिन बंद केलं तेव्हा पुढच्या बाया खाली उतरून रस्त्याच्या कडेला गप्पा मारत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात ताईही.

"ताई, मी तुला फसवलं," मी म्हणाले.

"ते कळलं मला. पोरं शाळेत आणि बापे घरात, असला वार कोणता असतो? मी काय दुधखुळी आहे?" ती पलंगावर टेकली. "गुरुवारी तू मला देऊळ दाखवलंस, नदी दाखवलीस. रस्त्यावर माणूस नव्हतं. मी मनात म्हटलं, असंच बसायचं तर कोथरूड काय वाईट आहे? तिथंही सगळं शांतच आहे, जाई. माझ्या दाराची बेल वाजते ती कुरिअरवाला शेजारचा पत्ता विचारतो म्हणून. आज इतकी माणसं माझ्याशी बोलली, की माझा घसा बसलाय."

तिचा घसा खरंच बसला होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पदराच्या गाठीला बांधलेली वरच्या खोल्यांची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

दिवाळीआधीच ताईचं सामान वर चढलं. आता ती दर शुक्रवारी दुपारी बसनं भोसरीला जाते, तिथं चहा पिते आणि कंपन्या सुटायच्या वेळेला परत फिरते. भोसरीत तिचं काडीचं काम नसतं. गुरुवारी चल म्हटलं तर येत नाही. म्हणते, त्या दिवशी रस्ता मोकळा असतो, जाऊन करायचं काय?