एकाच घरातले साक्षीदार

तिने दोन्ही फाइली तुलनेला लावल्या आणि हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

भीती साधीच होती. माणसाने लिहिलेल्या कोडमधून चालता प्रोग्राम घडवणारा हा कंपायलर त्याच्याच भाषेत लिहिलेला. नवा घडवायचा तर आधीचा लागतो, आणि सगळ्यांत पहिला कुणा अनोळखी माणसाने आयता दिलेला. त्याने आत काही लपवलं असेल, तर ते एकातून दुसऱ्यात उतरत आलं असणार. ते लिहिलेल्या कोडमध्ये नसतंच, त्यामुळे कोड कितीही वाचला तरी दिसणार नाही. म्हणून तिने दुसरी वाट धरली होती. त्या अनोळखी माणसाला वगळून, एका छोट्या, वेगळ्याच कंपायलरपासून पायरी पायरीने वर. दोन्ही वाटांनी तंतोतंत तेच निघालं, तर पहिला स्वच्छ. संध्याकाळी त्याच कंपायलरने घडवलेली ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती तिच्या सहीने बाहेर पडणार होती, आणि पलीकडच्या खोलीतलं आईचं श्वासाचं यंत्र त्याच सिस्टिमवर चालत होतं.

फरक शून्य.

तिच्या जिवात जीव आला. साहेबांनी फोनवर, सही करून मोकळी हो, म्हटलं, एवढा कीस पाडायची गरजच नव्हती, असंही वर ऐकवलं. ती आईजवळ गेली, मास्कचा पट्टा जरा सैल केला आणि आज यंत्रात नवीन काहीतरी येणार आहे, घाबरू नकोस, असं सांगितलं.

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. "तू बघितलंस ना? मग झालं."

तिची बोटं पट्ट्यावरच थांबली. बघितलं होतं खरं, पण कशावर? दोन्ही वाटा तिच्याच कॉम्प्युटरवर चालल्या होत्या. आणि त्यावरचं सगळंच, अगदी तुलना करणारा प्रोग्रामसुद्धा, त्या जुन्या कंपायलरनेच घडवलेलं होतं. साक्षीदार दोन, पण एकाच घरातले.

बाहेर येऊन तिने सहकाऱ्याला फोन लावला. प्रत्येक कामात खोट काढतो म्हणून ऑफिसात त्याला खुसपटराव म्हणत, आणि तीही त्याला टाळायची. त्याच्याकडे अगदी वेगळ्या जातीचं, त्या जुन्या कंपायलरचा हात न लागलेलं मशीन होतं. सगळं मुळापासून पुन्हा करशील का, असं तिने विचारलं.

"तुझ्या फाइली पाठव, वेळ वाचेल."

"माझं काहीही घेऊ नकोस."

"एवढा अविश्वास? कुणावर?"

"माझ्यावरच धर."

तो हसला नाही. बसतो लगेच म्हणाला, आणि मग थांबून विचारलं, "आणि माझं जुळलं नाही तर?"

भिंतीपलीकडे यंत्र संथपणे श्वास देत होतं. त्यात अजून मागची आवृत्ती होती, तीही हिच्याच सहीची. तेव्हा तिने काहीच ताडून पाहिलं नव्हतं.

"अगं, पट्टा सैलच राहिला," आईने आतून हाक मारली. "घट्ट करतेस ना?"