खुणेची जनावरं

इहो वकील झाला तेव्हा अख्ख्या खोऱ्यानं यू, म्हणजे घरची तांदळाची दारू, पिऊन नाच केला होता. आठ घरांच्या त्या गावात काळा कोट चढवणारा तो पहिलाच. म्हणून वरच्या डोंगराचं राखीव जंगल करून शिकार बंद करायचं सरकारनं ठरवलं आणि सुनावणीची तारीख लागली, तेव्हा गावकऱ्यांनी एकमतानं ठरवलं, आपल्या बाजूनं इहो बोलेल.

इहोनं इटानगरहून येताना भाषण लिहूनच आणलं होतं. मामाच्या लांबलचक बांबूच्या घरात, मधल्या चुलीपाशी बसून त्यानं ते वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, ‘शिकार ही आमच्यावरची मेहरबानी नाही, तो आमचा जन्मसिद्ध हक्क आहे.’

मामा, म्हणजे चिलिको, विस्तवाकडं बघत राहिला. मामी आपिली मात्र गप्प बसणारी नव्हती.

“चांगलं लिहिलंयस,” ती म्हणाली. “पण साहेबानं विचारलं, बाबा तू काय काय मारलंस, तर काय सांगशील? डास?”

चुलीभोवतीची मंडळी खो खो हसली. इहोचे कान तापले. खरंच होतं ते. बाराव्या वर्षी तो शाळेसाठी खाली गेला, तो आता बत्तिसाव्या वर्षी परतला होता. भिंतीवर मामानं मारलेल्या जनावरांच्या कवट्या ओळीनं लावलेल्या होत्या, धुरानं काळ्याभोर झालेल्या. इहोच्या नावाची एकही नव्हती.

“मामा, मला वर ने,” तो म्हणाला. “सुनावणीला अजून दहा दिवस आहेत.”

चिलिकोनं विस्तवात एक लाकूड सारलं. मग म्हणाला, “नेतो. पण कांदा-लसूण आजपासून बंद. कपडे धुवायचे नाहीत. वर गेल्यावर जनावराचं नाव घ्यायचं नाही, थट्टा करायची नाही. मी सांगेन तेव्हा बार काढायचा, आधी नाही. आणि एकच.”

“एकच काय?”

“एकच जनावर. आणि तुझा तो शब्द आहे ना, हक्क, तो इथंच चुलीपाशी ठेवून चल.”

तीन दिवस चढण होती. पहिल्या दिवशी केळीची रानं संपली, दुसऱ्या दिवशी बांबू, तिसऱ्या दिवशी नुसते शेवाळानं लडबडलेले वृक्ष आणि त्यांच्या मुळांशी मळकट बर्फ. इहोच्या मांड्या भरून आल्या होत्या. चिलिको साठीला टेकलेला, पण पाठीवर वेताची टोपली घेऊन असा चालत होता, जणू शेजारच्या घरी विस्तव मागायला निघालाय. मुक्काम एका कपारीखाली केला.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. समोरच्या उतारावर टाकिनांचा कळप चरत होता. गाईएवढं धूड, नाक फुगीर, अंग सोनेरी-तपकिरी. इहोनं ही जनावरं लहानपणी फक्त कवटीच्या रूपात पाहिली होती. जिवंतपणी ती इतकी जड, इतकी निवांत असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मोजली, अकरा.

चिलिकोनं टोपली खाली ठेवली, पिशवीतून पितळेचा लहानसा तुकडा काढला, एका दगडावर नजराणा म्हणून ठेवला आणि उकिडवा बसून पुटपुटायला लागला. गोलोशी बोलणं चाललं होतं. गोलो म्हणजे डोंगराचा अदृश्य धनी, उंच डोंगरातली जनावरं त्याची, हे इहोनं पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. ऊन माथ्यावर आलं तरी मामाचं पुटपुटणं संपेना. कुणाचा भाचा, कुठून आला, किती माणसं घरात आहेत, सगळी कुळकथा तो सांगत होता. मग थांबला. कान देऊन बसला. पुन्हा बोलू लागला.

तेवढ्यात कळपातल्या एकानं मान वर केली. गेली आता, इहोला वाटलं. त्याच्या मनात सुनावणीतली माणसं आली, डासाची थट्टा आली, आणि त्यानं बंदूक रोखून चाप ओढला.

जनावर गुडघ्यावर आलं आणि आडवं झालं. बाराचा आवाज दरीत गडगडत गेला.

कळप मात्र पळाला नाही.

दहाच्या दहा जनावरं जागच्या जागी उभी राहिली. ना त्यांनी पडलेल्याकडं पाहिलं, ना इहोकडं. सगळ्यांच्या माना वळल्या त्या वरच्या धारेकडं, घरातलं वडीलधारं माणूस यायची वाट पाहावी तशा. ते बघून इहो बिथरला आणि त्यानं दुसऱ्यांदा बार काढला. दुसरंही पडलं. उरलेली नऊ हलली नाहीत.

“काय केलंस हे?” चिलिकोचा आवाज कुजबुजीपेक्षा मोठा नव्हता. “माझं विचारून झालं नव्हतं रे. वरून हो आलं नव्हतं अजून.”

“जनावरं निघून गेली असती, मामा.”

“कुठं गेलीत?”

दोघं उतार चढून गेले. नऊ जनावरं त्यांच्यापासून वीस पावलांवर उभी, तरी धारेकडंच बघत. चिलिको पहिल्या धुडापाशी वाकला, कान हातात घेतला आणि तसाच राहिला.

डाव्या कानाला खालच्या कडेला दोन चिरा होत्या, सारख्या अंतरावर, आणि वर एक वाटोळं भोक. जखम जुनी, कित्येक वर्षांपूर्वी भरलेली, कडांवर केस उगवलेले. मामानं दुसऱ्याचा कान पाहिला. दोन चिरा, एक भोक.

खोऱ्यातल्या कुठल्याही माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मिथुन, आपली अर्धी रानातली आणि अर्धी घरातली गुरं, वर्षभर जंगलात मोकळी असतात. कुणाचं कुठलं हे कळावं म्हणून वासरपणीच कान कापतात. प्रत्येक कुळाची खूण वेगळी. चिलिकोला खाली पार मैदानापर्यंतच्या सगळ्या खुणा पाठ होत्या.

“ही खूण कुणाची?” इहोनं विचारलं.

“आपल्यातल्या कुणाची नाही.”

“काट्यात अडकून फाटला असेल कान.”

“दोघांचाही? सारखाच?” चिलिकोनं उठून मागं उभ्या नऊ जनावरांकडं बोट केलं. “वकीलसाहेब, ती बघा.”

इहोनं पाहिलं. नऊच्या नऊ जनावरांचे डावे कान तसेच होते.

“विचारलं की बिनखुणेची समोर येतात,” चिलिको म्हणाला. “आपल्यासाठी सोडलेली. मी आजवर जी आणली ती सगळी तसली. खुणेची बापानं एकदा दुरून दाखवली होती. म्हणाला होता, ही दिसली की बंदूक उलटी धरायची आणि घरी जायचं.” त्यानं भाच्याच्या हातातली बंदूक घेतली, गोळ्या काढून टाकल्या. “चल. कशाला हात लावू नकोस.”

पण चार पावलं टाकली नाहीत तोच धुकं उतरलं. भर दुपारची वेळ. सूर्य असून नसल्यासारखा झाला. पुढचं झाड दिसेना. आणि त्या धुक्यात, वरून, हाक आली.

ती ओरड नव्हती. मिथुनांना मीठ द्यायला बोलावतात तसली लांब, लाडिक हाक होती. शेवट वर चढवलेला. तिच्या मागोमाग खुळ्ळ खुळ्ळ असा आवाज. बांबूच्या नळकांड्यात खडेमीठ हलवल्याचा.

नऊ जनावरं चालायला लागली. एकामागं एक, सावकाश, त्या दोघांच्या मधून. एकाची लोकर इहोच्या हाताला घासून गेली, ओली आणि ऊबदार. कुणीही त्याच्याकडं पाहिलं नाही. वर जाऊन ती धुक्यात विरली. मग मिठाचा आवाज थांबला. खूप वेळ शांतता. कुणीतरी तिथं उभं राहून मोजतंय, असं इहोला स्पष्ट कळत होतं.

पुन्हा हाक आली. दोनदा. दोन कमी भरत होती.

आणि इहोच्या तोंडाला पाणी सुटलं.

आधी थोडं, मग हनुवटीवरून ओघळायला लागलं. जिभेला मीठ हवं होतं. आयुष्यात दुसरं काही कधी हवंच नव्हतं, असं हवं होतं. भीती अजिबात नव्हती, उलट फार बरं वाटत होतं, दिवस मावळायच्या आत घरी पोचतोय असं. तो हाकेच्या दिशेनं चालू लागला. उतार सोपा वाटत होता. शेवाळ तळहातांना गार लागत होतं, हे त्याला जाणवलं. आपले तळहात शेवाळावर कसे, हे मात्र त्याच्या मनात आलं नाही.

चिलिको मागून अंगावर पडला. गुडघा पाठीत रोवून त्यानं टोपलीचा वेताचा पट्टा भाच्याच्या छातीभोवती आवळला आणि दुसरं टोक झाडाला गुंडाळलं. इहो धडपडला. मामाला ढुशी दिली. शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर आतून जे निघालं ते बोलणं नव्हतं.

हाक आता जवळून आली. कान बधिर व्हावेत इतक्या जवळून, तरी तितकीच लाडिक.

“ऐक!” चिलिको ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. “तुझी दोन गेली. चूक आमची. खाली नदीकाठी माझी दोन आहेत, पांढऱ्या कपाळाची गाय आणि तिचा खोंड. माझ्या बापाच्या खुणेची. ती घे. हा पोरगा जनावर नाही, माझ्या बहिणीचा आहे. याला जाऊ दे!”

काही क्षण नुसतं धुकं. मग वर कुठंतरी, हातावर घेतलेलं मीठ परत नळकांड्यात ओतल्यासारखा सरसर आवाज झाला. बूच बसलं. बस्स.

धुकं उठलं तेव्हा उतार रिकामा होता. पडलेली दोन्ही जनावरंही तिथं नव्हती. दगडावरचा पितळेचा तुकडा तेवढा तसाच होता. नाकारलेला. चिलिकोनं तो उचलून पिशवीत टाकला.

दोघं उतरायला लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इहोनं हळूच विचारलं, “मामा, मी काय करत होतो तिथं?”

“चालत होतास,” चिलिको म्हणाला आणि पुढं झाला.

घरी पोचले तर आपिली अंगणातच उभी होती. “तुमच्या जनावरांना झालंय काय?” तिनं नवऱ्याला पाहताच विचारलं. “परवा भर दुपारी मी मीठ घेऊन गेले. हातावर मीठ, तरी पांढऱ्या कपाळीनं तोंड लावलं नाही. मान वर केली आणि खोंडाला घेऊन डोंगराची वाट धरली. मी हाका मारतेय, ती मागं वळूनसुद्धा बघेना!”

“ती गेली,” चिलिको म्हणाला.

“गेली म्हणजे? पोरीच्या लग्नाची जनावरं ती!”

चिलिको आत निघून गेला. सांगायचं काम इहोवर आलं. आपिलीनं सगळं ऐकलं. भाच्याच्या छातीवरचे पट्ट्याचे वळ तिनं बोटानं चाचपले आणि म्हणाली, “गाभण होती रे ती.” एवढंच.

सुनावणीला शाळेचं पटांगण भरलं होतं. साहेब सभ्य माणूस होता. ऐकून घेत होता, टिपून घेत होता. इहोची पाळी आली. कागद हातात होता, पण त्यानं तो उघडला नाही.

“शिकार हा तुमचा हक्क आहे, असं तुमच्या गावाचं म्हणणं आहे ना?” साहेबानं विचारलं.

“नाही,” इहो म्हणाला.

पटांगणात चुळबुळ झाली. कुणीतरी मागून म्हणालं, “याला विकत घेतला वाटतं.”

“हक्क नाही,” इहो पुन्हा म्हणाला. “आम्हाला परवानगी लागते. पिढ्यान्‌पिढ्या लागते. मिळाली तर आणतो, नाही मिळाली तर रिकाम्या हातानं येतो. पण साहेब, ती देणं तुमच्याकडं नाही. बंद करणंही नाही.”

“मग कुणाकडं आहे?”

इहोनं वरच्या डोंगराकडं पाहिलं. उजेडात, खुर्च्या मांडलेल्या त्या पटांगणात ते नाव घ्यायचा त्याला धीर झाला नाही. साहेब पेन धरून थांबला. मग त्यानं काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

गाव महिनाभर इहोवर नाराज होतं. पोरं म्हणत, एवढं शिकून आयत्या वेळी शेपूट घातली. जंगलाचा निकाल अजून लागलेला नाही. इहो इटानगरला गेला नाही. मामीच्या शेताला कुंपण घालत, मामाच्या उरलेल्या गुरांमागं हिंडत त्यानं तो हिवाळा काढला.

एक दिवस गावचा शाळामास्तर त्याच्याकडं आला. नवी बंदूक घेतली होती, वर जायचं होतं. “वकीलसाहेब, तुम्ही जाऊन आलात. काही कागदबिगद लागतो का?”

“आधी मामाला विचार,” इहो म्हणाला. “तो वर विचारेल. हो आलं की जा.”

“आणि नाहीच आलं तर?”

“तर खाली ये. बायकोनं डुक्कर पाळलंय ना? ते खा.”

मास्तर हसला. इहो हसला नाही, हे बघून त्याचं हसू हळूहळू ओसरलं आणि तो बंदूक खांद्यावर टाकून चिलिकोच्या घराकडं वळला.