मुलूच्या छातीतली टिकटिक

डॉक्टर झेनेबेचने कानातल्या नळीचं टोक मुलूच्या छातीवर ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. पोरीच्या हृदयात धातूची झडप होती; तिची टिकटिक एरवी शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू यायची. आज कान देऊनही नुसती घरघर. झडपेवर रक्त गोठलं होतं. गुठळी विरघळवायचं औषध सलाइनमधून सुरू होतं. त्याने उतार पडला तर पोर वाचणार होती. झडपा बदलणारे परदेशी सर्जन वर्षातून एकदाच यायचे, आणि ते नुकतेच येऊन गेले होते.

“गोळ्या चुकवल्यात ना?” तिने मुलूच्या आईला जरा तोडूनच विचारलं.

वुबीतने मरियममातेची शपथ घेतली आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पुढे केली. झेनेबेचने ती पाहिल्यासारखं केलं. ईस्टरच्या मोठ्या उपासात दरवर्षी असेच रक्त घट्ट झालेले रोगी येत. का, याच्या संशोधनात तिची दोन वर्षं गेली होती. गोळ्या उन्हाने खराब होतात, नाहीतर रोगी खोटं बोलतात, असं ती राजधानीतल्या परिषदेत ठणकावून सांगून आली होती.

“मग लगेच का नाही आणलंत तिला?”

“दम नंतर लागला हो. आधी नुसती टिकटिक बंद झाली.” वुबीतचा आवाज खाली आला. “आम्हाला वाटलं, देवानं उपास मानून घेतला. पोर पहिल्यासारखी झाली. मी देवळात मेणबत्तीसुद्धा लावून आले.”

मग ती बोलतच सुटली. आजाऱ्याला उपास माफ आहे असं पाद्रीबाबा सांगून थकले, पण मुलू कुणाचं ऐकते? दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. तरी उपाशी म्हणून ठेवली नाही तिला. परसातला गोमेनचा पाला, हिरवागार, दोन्ही वेळा ताट भरून. पाल्याने रक्त वाढतं म्हणतात ना?

झेनेबेचचा हात जागच्या जागी थांबला. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा जोर हाच पाला मारतो. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. ‘पालेभाज्या बेताने खा’ हे सर्जनांचं वाक्य ती प्रत्येक रोग्याला पाठ म्हणून दाखवायची. पण उपासाच्या दिवसांत इथे पाल्याशिवाय कुणाच्या चुलीवर काय असतं? तिच्या स्वतःच्या डब्यातही रोज गोमेनच होता. दोन वर्षं तिने गोळ्या मोजल्या, ताप विचारला, कपाटं तपासली. ताटात काय आहे एवढं मात्र कुणाला विचारलं नाही. धन्य ते संशोधन! तिला स्वतःची शरम वाटली.

“मावशी,” ती कशीबशी म्हणाली, “ऐका, चूक माझी…”

वुबीतने तोवर फडक्यातली शिदोरी सोडली होती. डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरलेला तिला दिसत होता, आणि त्याचं कारण तिच्या लेखी एकच होतं. इंजेऱ्याच्या मऊ भाकरीच्या तुकड्यात गोमेनची भाजी गुंडाळून तिने घास झेनेबेचच्या तोंडाशी नेला. भरवलेल्या घासाला इथे कुणी तोंड फिरवत नाही.

“आधी खा, लेकी. उपास तुझाही आहे. मग बोल.”

झेनेबेचने तोंड उघडलं. भाजी लसूण घातलेली, चवदार होती. खाटेवरून मुलू बघत होती, थकलेली, थोडी हसत.

वुबीतने दुसरा घास केला आणि लेकीकडे वळली.

झेनेबेचने वुबीतचं मनगट धरलं. तोंडातला घास काही केल्या गिळवत नव्हता.