दोघांचं जाळं

लेकीने हेडफोन बाबांच्या कानांवर चढवले आणि बटण दाबलं. समुद्राच्या लोकगीतांची सीडी संध्याकाळपर्यंत कंपनीकडे पोचवायची होती. अकरा गाणी बाबांची ऐकून झाली होती, जाळं ओढताना म्हणायचं हे बारावं तेवढं राहिलं होतं. तीन महिने ती या गाण्यांवर खपली होती आणि आता बापाच्या तोंडून एक 'वा' ऐकायला लहान पोरीसारखी टपून बसली होती.

बाबांनी अख्खं गाणं मान न हलवता ऐकलं.

"आवाज छान आलाय."

"आणि?"

"आणि काय! या गाण्यावर जाळं ओढलं तर हात तुटतील माणसाचे."

तिला हसू आलं. मग कळलं, ते चेष्टा करत नव्हते.

"ओळ गाताना दोर धरायचा, थांबलं की ओढायचा. तू थांबायला जागाच ठेवली नाहीस गं. आणि थोरला कुठे गेला?"

थोरला म्हणजे तिचा काका. जन्मभर दोघा भावांची एकच होडी. काकाच्या गळ्याचं आणि सुराचं सात जन्मांचं वैर, म्हणून गायचे बाबा. काका नुसता प्रत्येक ओढीला 'हं' करायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशीही तो बाबांशेजारी बसून रिकाम्या हातांनी दोर ओढत होता. महिन्याभरातच तो गेला. आणि तिने त्या सगळ्या रिकाम्या जागा, त्यातल्या 'हं'सकट, तांदळातले खडे वेचावेत तशा वेचून टाकल्या होत्या. काम चोख झालं म्हणून खूशही झाली होती. आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नशीब, मूळ रेकॉर्डिंग शाबूत होतं. तासाभरात तिने एकेक जागा परत बसवली. गाणं जवळजवळ दुप्पट लांबलं, सीडीत मावेना. बाबांनी एकट्याने म्हटलेलं, त्यांच्या आवडीचं एक गाणं काढावं लागणार होतं.

"काढ की," ते म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

या वेळी तिने स्पीकर लावला. ओळ संपली. 'हं.' बाबांच्या मुठी आपोआप छातीकडे आल्या. पुन्हा ओळ, पुन्हा 'हं.' शेवटच्या ओळीनंतर मात्र काकाचा आवाज आलाच नाही. खोली नुसती गप्प राहिली.

"इथे काकाचा राहिलाय," ती घाईने म्हणाली. "आधीचा एक उचलून लावते. कुणाला कळणारही नाही."

"नको."

त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"शेवटच्या ओढीला त्याचा दम संपायचा. रोजचंच होतं ते. तिथे मी दोघांचं ओढायचो."

तिने ती जागा तशीच रिकामी ठेवली.

"लाव परत ती ओळ," बाबा म्हणाले आणि मुठी वळून तयार बसले.