मनी पडते, महाराज उठवतात

आसगावात धुरपताबाईंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. धानाच्या ढोलीवर चढता चढता मनी मांजर कोसळली होती. अंग ढिलं, डोळे उघडे. तुलाराम महाराज राखेची चिमूट धरून घुमत होते, "यमा, मांगं फिर! तुलाराम आला!" त्यांनी फुंकर मारली आणि मनी उठली.

"पाह्य सूनबाई, मेलेली उठवली!" धुरपताबाईंनी हात जोडले. "मांजराचं पाप टळलं घरावरचं."

सून रंजू बीएस्सी झालेली. झोपलेल्या लेकीच्या छातीवर हात ठेवून श्वास तपासायची तिची सवय. तिची नजर राखेवर नव्हती, महाराजांच्या डोळ्यांवर होती. ते मनीच्या कानावर खिळले होते. कान हलेपर्यंत मंत्र लांबत होता; हलला, की फुंकर!

"आई, हे काहीतरी दुखणं आहे. पवनीले डॉक्टरकडे नेतो."

"अमावास्येपर्यंत शीव ओलांडली, का मेली समज!" महाराज गरजले.

धुरपताबाईंनी मनीला न्यायची टोपली लपवली.

पुढच्या वेळी मनी पडली तेव्हा रंजूने महाराजांचा हातच धरला. "फुंकू नका. मंत्रही नको." थोड्या वेळात कान हलला. मनी आपली आपण उठली.

"आता कोणं उठवली?"

"महाराजच्या नजरेनं उठली न वं!" शेजारची मालनबाई म्हणाली. "तुले कायले एवढा राग?"

दोन दिवसांत मनी तोंड उघडून धापा टाकू लागली. रंजूने तिला ओढणीत गुंडाळून एसटी गाठली. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, निळसर. "हृदयाचा आजार दिसतो. शुद्धीवर आली म्हणजे बरी झाली असं नसतं. पहिल्यांदा पडली तेव्हाच आणायची." मनी टेबलावरच गेली.

रंजूने ती महाराजांपुढे ठेवली. "उठवा."

"शीव ओलांडलेली उठत नसते."

लोकांनी माना डोलावल्या. चार वर्षांच्या डिंपलने आईकडे पाहिलं. "आई, तूनं मारली मनीले?"

रंजूचं त्या गावात कोणी ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका. मांजर एकदा जरी बेशुद्ध पडली, तर उठून खेळू लागली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बेशुद्धीत तोंडात पाणी घालू नका. जमलं तर मोबाईलवर चित्रण करा, डॉक्टरांना उपयोगी पडतं. धाप लागली, हिरड्या पांढऱ्या-निळ्या पडल्या, मागचे पाय लुळे झाले, तर क्षणभरही थांबू नका. आणि पुढच्या खेपेला ओसरीवर मांजराऐवजी लेकरू पडलेलं असेल, तेव्हा फुंकरीची वाट पाहणार का, हे आजच ठरवा.